प्रोसेसच्या संख्येवरील मर्यादा रूट खात्यालाही लागू असावी का?

प्रश्न:
आमच्या लिनक्स सर्व्हरवर प्रत्येक वापरकर्त्यासाठी एनप्रॉकची (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, संख्येची) मर्यादा घातलेली आहे, मात्र लिमिट्स.कॉन्फ या मर्यादांच्या फाइलमधील तारांकित (एकदम सगळ्या वापरकर्त्यांसाठीची) नोंद रूटला, म्हणजे प्रशासकाच्या खात्याला, लागू होत नाही, असे लक्षात आले. रूटने चालवलेली एखादी स्क्रिप्ट बेलगाम प्रोसेस निर्माण करू लागली, तर संपूर्ण यंत्र ठप्प होईल. मग सर्वाधिक अधिकार असलेल्या खात्यालाच सूट का?

पहिले उत्तर:
ही सूट जाणीवपूर्वक ठेवलेली आहे. रूटच्या नावाने स्वतंत्र नोंद केली, तरी नवी प्रोसेस निर्माण होताना कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) रूटला या मर्यादेवरून अडवत नाही. शिवाय एनप्रॉकची मोजणी वापरकर्त्यानुसार होते, त्यामुळे रूटच्या नावाने चालणाऱ्या सगळ्या सेवा एकाच हिशेबात धरल्या जातात. तिथे मर्यादा घातली असती, तर एका सेवेच्या अतिरेकामुळे एसएसएच (दूरस्थ लॉगिनची सेवा) आणि क्रॉन (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सेवा) यांचीही वाट अडली असती, आणि नेमक्या संकटाच्या वेळी प्रशासकाला लॉगिन करता आले नसते.

दुसरे उत्तर:
हे मान्य आहे, परंतु राखीव जागा आणि अमर्याद सूट यांत फरक आहे. फ्रीबीएसडी या दुसऱ्या कार्यप्रणालीमध्ये एकूण प्रोसेसमधील शेवटच्या 10 जागा सामान्य वापरकर्त्यांना मिळत नाहीत; बिघाड आवरायला तेवढ्या पुरतात. माझ्या मते प्रशासकाची चुकीची स्क्रिप्ट हा धोका शत्रुत्वाने वागणाऱ्या वापरकर्त्याइतकाच खरा आहे, आणि तिच्यापुढे ही राखीव सोय निरुपयोगी ठरते, कारण त्या जागाही रूटच खाऊन टाकतो.

तिसरे उत्तर:
म्हणूनच मर्यादा खात्यावर न घालता कामावर घालावी. लिनक्स 4.3 पासून सीग्रुपमध्ये (प्रोसेसचे गट करून त्यांवर मर्यादा घालण्याच्या यंत्रणेत) प्रोसेसची संख्या रोखण्याची सोय आहे, आणि ती त्या गटातील रूटच्या प्रोसेसनाही लागू होते. सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीमध्ये प्रत्येक सेवेला टास्क्समॅक्स (अशीच कमाल मर्यादा) देता येते. अर्थात रूट ही मर्यादा स्वतःच वाढवू शकतो. हे संरक्षण अपघातापासून आहे, घातपातापासून नव्हे.

प्रश्नकर्ता:
मग रूटच्या संपूर्ण यूझर स्लाइसलाच (त्या वापरकर्त्याच्या सीग्रुपला) टास्क्समॅक्स दिले तर?

तिसरे उत्तर, पुढे:
तसे करू नये. रूटची सगळी लॉगिन सत्रे त्याच स्लाइसमध्ये येतात, त्यामुळे स्क्रिप्टने मर्यादा गाठली की नवे सत्रही उघडणार नाही. शंकास्पद स्क्रिप्ट सिस्टमडी-रन या आज्ञेद्वारे स्वतंत्र स्कोपमध्ये (वेगळ्या गटात), तिची स्वतःची मर्यादा ठरवून चालवावी. आणि एखादा शेल (आज्ञा स्वीकारणारा प्रोग्राम) आधीच उघडा असेल, तर बॅश या शेलमधील किल ही प्रोसेसना सिग्नल पाठवणारी आज्ञा अंगभूत असल्याने तिला नवी प्रोसेस लागत नाही. आधी थांबवण्याचा सिग्नल द्यावा, मग मारण्याचा, म्हणजे मरणाऱ्या प्रोसेसची जागा उरलेल्या प्रोसेस लगेच भरून काढत नाहीत.