शिडाच्या होडीत बसायचंय, निवांत बंदरगाव सुचवा (सोलापूरहून, कोजागरीच्या सुमारास)

होटगीरोडवाला: मंडळी, कोजागरीला जोडून तीन दिवस सुट्टी काढतोय. आम्ही दोघं, सहावीतली मुलगी आणि ७२ वर्षांचे वडील. उजनीला मोटरबोटीतून पक्षी बघून झाले. आता मुलीला शिडाचीच होडी हवीय. अलिबागची गर्दी नको. भरती-ओहोटीचं पण सांगा, आपल्या सिद्धेश्वर तलावाला ती येत नाही, त्यामुळे मी अडाणी.

कडक_भाकरी: मुरूडला राहा आणि राजपुरीच्या जेटीवरून जंजिरा करा. तिथल्या होड्या अजून शिडावर चालतात. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावमार्गे जा, पहाटे चारला सोलापूर सोडा. होडी एका अंगाला कलली की पोरगी खूश, बायको गप्प! किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत कलालबांगडी तोफ आहे, आणि चहूकडे खारं पाणी असून गोड्या पाण्याचा तलाव.

सातरस्ता_एक्सप्रेस: मालवणला जा की बे, मासे तरी खाशील.

कडक_भाकरी: त्याला शीड पायजे, सुरमई नाही.

खाडीचा_जावई: सासुरवाडी श्रीवर्धनकडची, म्हणून लिहितो. मुरूड बरोबर, पण कोजागरी टाळा. पौर्णिमेला उधाण असतं. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची: पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ऐन सकाळी पाणी चढलेलं. दरवाज्यापाशी होडी वर-खाली होते, पायऱ्या शेवाळलेल्या, आणि तिथेच पाय टाकून उतरायचं असतं. माझ्या मेहुण्याची चप्पल तिथे गेली ती गेलीच. वडिलांना घेऊन हे नको.

त्यापेक्षा वद्य अष्टमी धरा. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी भरती. शिवाय त्या दिवसांत भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही. सकाळी जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा. सकाळीच निघा, ऑक्टोबरचं ऊन किल्ल्यात भाजून काढतं. वारा पडला तर वल्ही मारतात, घाई करू नका.

मुरूडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्ग दिसतो. होडी मिळाली तर तोही बघाच. लाटांनी तटाचे दगड झिजून आत गेलेत आणि मधला चुना तसाच उभा आहे, मधमाशांच्या पोळ्यासारखा. मी बोट फिरवून पाहिलं, दगडापेक्षा चुना टणक!

होटगीरोडवाला: पाऊणपटीचं गणित वडिलांना लगेच पटलं, ते आता कालनिर्णय घेऊन बसलेत. कोजागरीचं दूध घरीच आटवतो, सुट्टी आठवडाभर पुढे ढकलली. उलटीची गोळी होडीत बसायच्या किती आधी द्यायची?

खाडीचा_जावई: अर्धा-पाऊण तास. वडिलांची रोजची औषधं चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून. आणि शेंगाचटणी जास्त घ्या, आमच्या सासूबाई दरवेळी डबा ठेवून घेतात.