लिस्बनला दोनच दिवस असतील तर बेलें वगळा

रस्तेमोजणी: शीर्षक मुद्दाम भडक ठेवलंय, पण मत खरं आहे. लिस्बनला निघालेल्याला जो तो एकच पाठ घोकवतो: पंधरा नंबरची ट्राम पकडा, बेलेंला उतरा, जेरोनिमोश मठ, नदीकाठचा बुरूज, दर्यावर्दींचं स्मारक, वर दालचिनी भुरभुरवलेलं पास्तेल, म्हणजे कस्टर्डचा टार्ट. अर्धा दिवस रांगेत जातो आणि हाती लागतं ते राजाने जगाला दाखवायला मांडलेलं वैभव.

माझ्या मते या शहराची सुरुवात १ नोव्हेंबर १७५५ पासून करावी. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली, आणि भूकंप. मागोमाग तेजू नदीतून चढलेली लाट, मग कित्येक दिवस न विझलेली आग. टेकडीवरच्या कार्मो मठाचं छप्पर तेव्हा कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. गॉथिक कमानी तशाच उभ्या आहेत, वर थेट आभाळ. बाहेरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ ला गर्दी लोटली होती आणि शेजारच्या बराकीत बसलेल्या पंतप्रधान कायतानुने शरणागती पत्करली, हुकूमशाही कोसळली. एका चौकात दोन पडझडी.

तिथून खाली बायशात, म्हणजे शहराच्या सखल मध्यभागात उतरा. काटकोनात आखलेले हे रस्ते भूकंपानंतर शहर पुन्हा उभारणाऱ्या मंत्री पोंबालच्या काळातले. भिंतींच्या आत लाकडी सांगाडा आहे, पुढच्या धक्क्याला इमारत हलेल पण पडणार नाही अशा बेताने घातलेला. त्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून परीक्षा घेतली, असं सांगतात.

आणि रोसियो चौकाला लागून असलेलं सांव दोमिंगोस चर्च चुकवू नका. १९५९ च्या आगीत खांबांचे टवके उडाले, दगड काळे पडले. दुरुस्ती केली, पण ते व्रण झाकले नाहीत. १५०६ मध्ये धर्मांतरित ज्यूंची कत्तल इथूनच सुरू झाली, त्याचं स्मारक बाहेर आहे. एवढं सगळं चालत दहा मिनिटांच्या टापूत असताना ट्रामने बेलेंला कशाला जायचं?

गलबत: साफ असहमत. "दाखवायचं वैभव" म्हणे! अहो, ते कुणाच्या पैशातून उभं राहिलं ते तरी बघा. जेरोनिमोशचं काम १५०१ च्या सुमारास सुरू झालं आणि त्याला पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून पैसा मिळाला. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची मिरी तिथे दगड होऊन उभी आहे. खांबांवर कोरलेले दोरखंड जवळून बघा, पीळसुद्धा मोजता येतात. दाराशीच वास्को द गामा हात जोडून पहुडलाय. मेला कोचीत, १५२४ ला.

बुरुजाबद्दल तर मी भांडणारच. एका कोपऱ्यातल्या चौकीखाली गेंड्याचं डोकं कोरलंय, झिजून गेलंय, आधी माहीत नसेल तर दगडाचा गोळा वाटेल. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला गेंडा भेट दिला, त्याने तो गोव्याहून जहाजावर चढवला, १५१५ च्या मे महिन्यात जनावर लिस्बनला पोचलं. राजाने त्याला हत्तीसमोर उभं केलं तर हत्तीच पळाला. नंतर पोपला नजराणा म्हणून रोमला धाडला, तर जहाज वाटेत बुडालं. जर्मन चित्रकार ड्यूररने गेंडा न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून चित्र केलं आणि युरोपने पुढची दोनेकशे वर्षं तोच गेंडा खरा मानला. हे सोडून मी पडक्या कमानी बघू?

फातोर्डेकार: दोघांचंही वाचलं. मठ बघा, गेंडा बघा, हरकत नाही. पण शेजारच्या त्या दर्यावर्दींच्या काँक्रीटच्या स्मारकासमोर हसत फोटो काढणारे आपले लोक बघितले की माझं डोकं फिरतं. ते काही जुनं नव्हे. १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत १९६० ला पक्कं बांधलं. पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा त्यांच्या हातून गेला.

त्यापेक्षा सेच्या, म्हणजे मुख्य कॅथेड्रलच्या, अगदी जवळ अल्जूब आहे तिथे जा. सालाझारच्या विरोधकांचा हा तुरुंग, २०१५ पासून संग्रहालय. कोठड्या जेमतेम आडवं होता येईल एवढ्या. आणि काश्काईशची लोकल पकडलीत तर वाटेत काशियाश स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्यात गोवा मुक्तीसाठी लढलेले सांगलीचे मोहन रानडे कैदेत होते. १९५५ ला पकडले, सुटले जानेवारी १९६९ ला, गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षांनी. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके किती झटले ते जुन्या लोकांना आठवत असेल. स्टेशनवर बघण्यासारखं काही नाही. तरी मराठी माणसाने तिथे खिडकीबाहेर बघावं.

गुडघेदुखी: वाद चालू द्या, मी कामाचं सांगते. अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्रामचं कौतुक पुरे. उन्हाळ्यात उभं राहायला जागा नसते आणि पाकीटमारांची चंगळ. आल्फामा ही टेकडीवरची जुनी वस्ती वरून खाली उतरत बघा, खालून वर चढू नका. फुटपाथचे ते गुळगुळीत दगड पावसात भयंकर निसरडे होतात, चपला-सॅंडल घालून जाऊ नका.

रस्तेमोजणी: @फातोर्डेकार, अल्जूब माझ्या यादीत आता पहिलं. @गलबत, गेंड्याची गोष्ट झकास, पण शेवटी ती राजाच्या हौसेचीच. त्या राजाचं लिस्बन बघायचंय ना? मग टाइल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. सुमारे १७०० सालचं, जवळपास २३ मीटर लांब, निळ्या-पांढऱ्या टाइल्सवरचं शहराचं चित्र आहे. भूकंपात नाहीसा झालेला नदीकाठचा राजवाडा त्यात खिडक्यांसकट दिसतो. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत उलटा आलो.

गलबत: म्हणजे टाइल्स बघायला शहराच्या पार पूर्वेला बसने जायचं, आणि बेलेंला मात्र ट्राम नको! तुमची दहा मिनिटांची चाल कुठे गेली आता?