शंभरपर्यंत म्हणते, पण चार लिंबं आणता येत नाहीत

तासगावकर_बाबा
मुलगी साडेचार वर्षांची. एक ते शंभर घडाघडा म्हणते. पाव्हणे आले की आमची आई तिला मधोमध उभी करते, "म्हण गं", की गाडी सुटली. अठ्ठावीसनंतर "नव्वावीस" येतं, ते सोडून द्या.

परवा सरबत करायचं होतं. म्हटलं, टोपलीतली चार लिंबं आण. ओंजळ भरून घेऊन आली. सात होती. "किती आणलीस?" तर बोट लावून मोजली, नऊ झाली! परत विचारलं, किती? परत एकपासून सुरू. बेदाण्याच्या सौद्यात मला असं मोजून मिळालं असतं तर आज बंगला असता.

बालवाडीत विचारलं तर म्हणाले, शंभर येतात ना, मग आता पाढे घ्या. बायको म्हणते, घाई करू नका. कुणाचं ऐकू?

कराडची_बाई
बायकोचं ऐका. पाढे राहू द्या तूर्त.

मी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली, कराडजवळ, ऊसपट्ट्यात. तुमच्या लेकीला शंभर आकडे पाठ आहेत ते आरती पाठ असते तसे. वाईट काही नाही, पुढं उपयोगी पडतंच. पण चार लिंबं आणायची म्हणजे चारला हात थांबवायचा, आणि तिला अजून ते थांबणं येत नाही. पोरं आधी "एक दे" म्हटल्यावर एकच द्यायला शिकतात. तेव्हा दोन मागा, मूठ भरून देतील. काही महिन्यांनी दोन जमतं, मग तीन. त्याच्या जरा पुढं गेलं की गाडी मार्गी लागते, मग सहा वेगळं, सात वेगळं असं शिकवावं लागत नाही. म्हणून आधी बघा ती नक्की कुठं आहे. दोन मागा, तीन मागा. जिथं मूठ भरते तिथं काम करायचं, शंभरला नाही.

ऊसतोडीच्या टोळीतली एक पोरगी होती माझ्याकडं. आकडे वीसच्या पुढं येत नव्हते. पण खिचडीच्या ताटल्या वाटायला मी तिलाच उठवायची. एक ताटली न्यायची, एका पोरापुढं ठेवायची, परत यायची. चौदा पोरं तर चौदा फेऱ्या. मदतनीस वैतागायची, म्हणायची खिचडी निवतीय. पंधरा-वीस दिवसांनी एकदा ती दारातच उभी राहिली, पोरांकडं बोट करत काहीतरी पुटपुटली, आणि अकरा ताटल्या एकदम उचलून नेल्या. त्या दिवशी पोरं अकराच होती. ना एक उरली, ना एक कमी पडली. मी डाळ ढवळायची थांबले होते.

सातची नऊ झाली ती जिभेमुळं. जीभ बोटाच्या पुढं पळते. अंड्यांचा रिकामा ट्रे घ्या. एका खळग्यात एक चिंचोका, आणि टाकतानाच एक आकडा. चिंचोका हातातून सुटल्याशिवाय पुढचा आकडा नाही. टाकून झाले की वरून टॉवेल घाला आणि मग विचारा, किती? झाकल्यावर परत मोजता येत नाही, शेवटचा आकडाच धरून ठेवावा लागतो. सुरुवात तीन-चार चिंचोक्यांनीच करा. आणि चिंचोके नाकात घालायची वयं असतात ही, समोर बसा.

वाळव्याची_सून
आमच्याकडं वेगळीच गंमत. सासूबाई पायलीनं ज्वारी मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात. पोरगं रोज शेजारी बसायचं. शाळेत मॅडमनी मणी मोजायला दिले तर "लाभ, दोन, तीन". मॅडमनी मला बोलावून घेतलं! पण मणी मात्र बरोबर मोजले होते हो त्यानं.

गणित_मास्तर
बाईंनी लिहिलंय ते संशोधनातही आहे. मानसशास्त्रज्ञ कॅरेन विन यांनी १९९० मध्ये "इतकी दे" हीच परीक्षा लहान मुलांवर करून पाहिली. मोजता येणारी मुलंही मागितलं की मूठ भरून देत होती.

"नव्वावीस"बद्दल: पोरीचं डोकं चांगलं चाललंय. अठ्ठावीसनंतर नव्वावीसच यायला हवं ना? आपणच तिसातून एक कमी करून एकोणतीस म्हणतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हेच, आणि शेवटी नव्व्याण्णवला नियम मोडतो. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. माझं मत, ते चुकीचं नव्हतं.

कराडची_बाई
मास्तर, बाजारात "सत्तर पाच रुपये द्या" म्हणून बघा एकदा. पण तो वाद इथं नको, पोरगी अजून चारला आहे.

तासगावकर_बाबा
तीन आठवड्यांनी लिहितोय, बेदाण्याच्या गडबडीत राहून गेलं. पाहुण्यांपुढचा कार्यक्रम बंद केला, आई दोन दिवस बोलली नाही. दोन आण, तीन आण बरोबर येतं. चारला अजून मूठ भरते. अंड्यांच्या ट्रेचा मात्र नाद लागलाय, टॉवेल टाकायच्या आधीच ओरडते, "पाच!"

काल जेवताना पाच पाटांपुढं पाच वाट्या ठेवल्या. मग त्यातली एक उचलून परत ओट्यावर नेऊन ठेवली. म्हटलं, का गं? "आजोबा आत्याकडं गेलेत की."