सनस्क्रीन किती वेळ टिकतं? ठिपकेवाल्यांनो, अनुभव लिहा

नाकावर आणि दोन्ही गालांवर तपकिरी ठिपक्यांचा सडा घेऊन मी जन्मभर वावरते आहे. शाळेत त्यावरून मिळालेली नावं सांगत नाही, तुम्हालाही मिळाली असतीलच. सनस्क्रीन वीस वर्षं वापरते, आणि त्यातली निदान बारा वर्षं चुकीचं वापरलं. माझं गणित सोपं होतं: मला दहा मिनिटांत ऊन बाधतं, ट्यूबवर एसपीएफ ५०, म्हणजे ५०० मिनिटं. सकाळी आठला लावलं की चारपर्यंत बघायला नको! मग एकदा सलग दोन दिवस मैदानावर मुलांच्या शर्यतींच्या वेळा टिपत बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोंड धुताना आरशात पाहिलं, तर सुटे सुटे ठिपके एकमेकांना चिकटून डाव्या गालावर चक्क नकाशा झाला होता.

तर लिहा. पुन्हा कधी लावता, किती लावता, उघडलेली ट्यूब कधी फेकता. फजितीसकट लिहा. 'अमुक कंपनीचंच घ्या' हे मात्र नको.

*

तुमचं पाचशे मिनिटांचं गणित मी हजारदा ऐकलंय. क्रीम-लोशनच्या प्रयोगशाळेत काम करायचे, म्हणून सांगते. एसपीएफ हा आकडा वेळेचा नाही, तर त्वचा लाल व्हायला किती ऊन लागतं त्याचा आहे. सकाळी आठचं ऊन आणि दुपारी बाराचं ऊन यांत एक मिनिट म्हणजे सारखं मिनिट नसतंच. आणि तो आकडा काढताना त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर देतात. घरी कोण देतं?

एकदा आम्ही गंमत केली. एका सहकारणीला नेहमीसारखं लावायला सांगितलं आणि ट्यूब आधी-नंतर काट्यावर ठेवली. चेहरा आणि मान मिळून सव्वा ग्रॅमच्या आसपास लागायला हवं, तिचं भरलं ०.३ ग्रॅम. तीही प्रयोगशाळेतलीच, बरं का! पातळ थराला ट्यूबवरचा आकडा लागू होत नाही. म्हणून ३० आणि ५० वरून भांडू नका. नीट लावलं तर एसपीएफ ३० यूव्हीबी किरणांपैकी (म्हणजे उन्हातले त्वचा भाजणारे अतिनील, यूव्ही किरण) सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० सुमारे ९८. खरा फरक लावणाऱ्या हातात आहे. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

*

दोन बोटांचा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा बायको म्हणाली, "तुम्हाला कुणीतरी चुना लावलाय." आता एक बोट लावतो, पाच मिनिटं थांबतो, मग दुसरं. पांढरं दिसत नाही. टक्कल असलेल्यांनी तिसरं बोट धरावं. आणि कान! कानांच्या पाळ्या सगळे विसरतात.

*

आमच्या सात वर्षांच्या लेकीला ठिपके आहेत, तिच्या बाबांनाही आहेत. उन्हाळ्यात गडद होतात आणि थंडीत इतके फिके पडतात की शोधावे लागतात. डॉक्टरांनी समजावलं की त्या जागी रंगपेशी जास्त नसतात, असतात तेवढ्याच ऊन लागलं की जास्त रंगद्रव्य बनवतात. बऱ्याच जणांत याचं मूळ एमसी१आर नावाच्या जनुकात असतं, म्हणून बापलेकीचं नाक सारखं. म्हणजे ठिपके हा आजार नाही, पण ही त्वचा उन्हाला लवकर बळी पडते एवढं मात्र खरं.

आमच्याकडे सनस्क्रीनपेक्षा टोपीवर जास्त भांडण होतं. पुढेच झापड असलेली टोपी तिला आवडते, पण तिच्याने कान-मान उघडे राहतात. चहूबाजूंनी काठ असलेली घालायला तयार झाली ती काठावर मासे रंगवून दिल्यावर.

*

लिंबू चोळू नका. एवढंच लिहायला आलेय. सोळाव्या वर्षी मावशीच्या सांगण्यावरून चोळलं आणि तशीच उन्हात गेले. लिंबाच्या रसात, त्याहून सालीत, ऊन लागलं की त्वचा भाजणारे घटक असतात. ठिपके होते तिथेच राहिले, वर गालावर ओघळाच्या आकाराचे पट्टे उठले. जायला कितीतरी महिने लागले.

*

पोहायला शिकवतो. "सर, माझं वॉटरप्रूफ आहे" हे रोज ऐकतो. असं काही नसतं. अमेरिकेत तर हा शब्द लेबलवर छापायलाच बंदी आहे. तिथे 'वॉटर रेझिस्टंट' लिहितात आणि पुढे ४० किंवा ८० मिनिटं हेही लिहावं लागतं. आणि पाण्यापेक्षा टॉवेल घातक. मुलं बाहेर येतात, खसाखसा तोंड पुसतात, सगळं सनस्क्रीन टॉवेलला! टिपून घ्या, पुन्हा लावा. मी स्वतः लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालतो, तेवढं अंग तरी विसरता येतं.

*

ऑफिसात माझी जागा खिडकीला लागून. सहा वर्षांत उजवा गाल डाव्यापेक्षा स्पष्ट रापला. साधी काच यूव्हीबी बरंचसं अडवते म्हणून भाजल्यासारखं होत नाही, पण यूव्हीए, म्हणजे अतिनील किरणांचा दुसरा प्रकार, बऱ्यापैकी आत येऊ देते, आणि रंग त्यानेही चढतो. गाडीतही पुढची काच दुहेरी थराची असल्यामुळे बरी, बाजूच्या काचांचा तेवढा भरवसा नाही. ट्यूब घेताना एसपीएफच्या जोडीला 'ब्रॉड स्पेक्ट्रम' (दोन्ही किरण अडवणारं) किंवा पीए या यूव्हीएच्या खुणेपुढची अधिकचिन्हं बघायची सवय तेव्हापासून लागली.

*

मी दहा वर्षं ज्यांना ठिपके समजत होते ते वांग निघाले. गरोदरपणानंतर गालांवर पसरट डाग आले. सनस्क्रीन नेमाने लावूनही हटेनात. मग स्किनच्या डॉक्टरांनी रंग असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन दिलं, कारण वांग नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो आणि साधं बिनरंगी सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. गेले नाहीत, पण फिके झाले. मेकअपवर पुन्हा कसं लावायचं विचाराल तर स्पंजने थापून. घासलं की खालचं सगळं निघतं.

*

टिकण्याचा दुसरा अर्थ कुणी लिहिला नाही अजून. गेल्या वर्षीची ट्यूब गाडीच्या खणात होती. दाबली तर आधी पिवळट पाणी आलं, मग रव्यासारखं दाणेदार काहीतरी. 'वाया कशाला घालवायचं' म्हणून हलवून लावलं (हो, शहाणपणा माझाच) आणि पाठीवर बोटांचे फराटे उमटले: जिथे लागलं तिथे बरं, मधे लालभडक. तारीख उलटायला चार महिने होते. पण ती तारीख नीट ठेवलेल्या ट्यूबची, तापलेल्या गाडीत भाजलेल्या ट्यूबची नाही. मागे उघड्या डबीचं छोटं चित्र आणि १२एम असं असेल तर उघडल्यापासून बारा महिने. मी आता उघडल्याची तारीख पेनाने ट्यूबवरच लिहितो. खरं तर दोन बोटं लावलीत तर वर्षभर उरतेच कुठे?

*

बर्फात चालायला गेलो होतो. आभाळ भरलेलं, म्हणून लावलं नाही. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आत भाजलं! ताजा बर्फ यूव्हीचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो आणि दर हजार मीटर चढाईला यूव्ही साधारण १० टक्के वाढतो, हे खाली उतरल्यावर वाचलं. शिंकताना आठवण येत होती आठवडाभर.

*

ठिपकेवाल्यांची एक अडचण अशी की इतक्या ठिपक्यांत नवा पाहुणा कळत नाही. माझ्या कानापुढे एक ठिपका दोन हिवाळे गेले तरी फिका झाला नाही. बहिणीने ओळखलं, मी नाही. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं: दोन्ही अर्धे सारखे आहेत का, कडा वेड्यावाकड्या झाल्या का, एकात दोन-तीन रंग दिसतात का, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का, बदलतोय का? शेवटचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. तुकडा तपासला, साधा निघाला. उन्हाने आलेला, पण ठिपक्यांहून वेगळ्या जातीचा डाग. यांत रंगपेशीच वाढलेल्या असतात, म्हणून थंडीतही जात नाही.

तेव्हापासून दर हिवाळ्यात, ठिपके फिके असताना, बहीण माझ्या गालाला पट्टी लावून फोटो काढते. यंदाचा राहिलाय. पट्टी तिच्या मुलाने शाळेत नेली.