पहिल्या पिक्चरमधली तारामती करणारे अण्णा साळुंके, यांच्याबद्दल नीट माहिती पाहिजे

गंगाखेडकर:
नमस्कार मंडळी, लेकीच्या शाळेत भाषण आहे, विषय तिनंच निवडला, पिक्चरमधली पहिली नायिका. मोबाईलवर बघितलं तर नाव निघालं अण्णा साळुंके, म्हणजे गडी माणूस! आणि पुढं एकच ओळ, हॉटेलात स्वयंपाक करायचे म्हणून. एवढ्यावर पाच मिनिटं कशी बोलणार ती.

विचारायचं खरं कारण वेगळंच आहे. आमचे आबा तरणे असताना सोंगी भारुडात गवळण व्हायचे, आमच्या पंचक्रोशीत नाव होतं त्यांचं, तोंडाला मुरदाडशिंग लावून लुगडं नेसले की सख्खी बहीण ओळखायची नाही म्हणतात. लेकीनं त्यांना हे साळुंक्यांचं सांगितलं तर पेपर बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न काय, तर "मिशी उतरवली का त्यानं? बाप जिता होता का त्याचा?" कारण आबांनी मिशी काढली तेव्हा पणजोबा जिवंत होते आणि आमची पणजी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती, ताट वाढायची आणि तोंड फिरवून निघून जायची. तर साळुंक्यांचं काय झालं होतं, सगळं सांगा, आबाबी वाट बघायलेत.

रीळवेडा (छ. संभाजीनगर):
आबांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं बघा. राजा हरिश्चंद्र, म्हणजे आपल्याकडचा पहिला पिक्चर, त्याच्या वेळी मिशीवरून खरंच अडलं होतं असं सांगतात. बायांची कामं करणाऱ्यांनी मिशी काढायला नकार दिला, बाप वारल्यावरच मिशी उतरवायची ही रीत, मग पिक्चर काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी समजूत घातली तेव्हा कुठं वस्तरा फिरला.

आता सुरुवातीपासून सांगतो. दादासाहेब फाळक्यांना तारामती करायला बाईच पाहिजे होती, जाहिरात दिली, नाचगाण्यातल्या बायांच्या दारापर्यंत गेले, पण त्यांनीबी नाही म्हणलं, इतकं ते काम हलकं समजायचे. कामावरच्या लोकांना तर सांगून ठेवलेलं की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणायचं! आणि मग ग्रँट रोडच्या एका हॉटेलात त्यांना साळुंके दिसले. अंगानं बारीक, हात नाजूक. हॉटेलात महिना १० रुपये मिळायचे, फाळक्यांनी १५ देतो म्हणलं, असं सांगितलं जातं. ५ रुपये वाढीवर एक आचारी राणी झाला, मला ह्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, दीडपट पगार होता तो, पोटाचा प्रश्न होता.

शूटिंग दादरला, जवळपास सात महिने, सगळं सूर्याच्या उजेडात. हरिश्चंद्र झाले दबके, राजाचा पोरगा रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सगळ्या लोकांचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करायच्या, वर फिल्मला भोकं पाडायची, धुवायची तेबी त्यांच्याकडंच. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थेटरात पिक्चर लागला.

लेकीला १९१७ चं लंकादहन मात्र सांगायला लावा. त्यात राम पण साळुंके आणि सीता पण साळुंकेच! आपल्याकडचा पहिला डबल रोल. राम पडद्यावर आला की लोक चपला काढून बसायचे म्हणतात, आणि तोच माणूस घडीभरानं अशोकवनात सीता होऊन रडायला. लोकांना खटकलं नाही, कारण त्या कथेत दोघांची ताटातूटच आहे.

अंबाजोगाईची बाई:
दादा, लेकीच्या भाषणात एक घोळ होऊ देऊ नका, मी शाळेत शिकवते, दरवर्षी हाच घोळ ऐकते. पहिली नायिका साळुंक्यांनी साकारली हे खरं, पण पडद्यावर आलेली पहिली बाई वेगळी. त्याच साली, १९१३ ला, फाळक्यांनी मोहिनी भस्मासुर केला, त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी, ती तेव्हा तेरा वर्षांची होती. म्हणजे तुमच्या लेकीएवढीच असंल. ह्याच कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी.

आणि दुसरं, साळुंक्यांना "बाईच्या वेशातला पुरुष" एवढंच म्हणून सोडू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडं भारुडात, तमाशात, नाटकात पुरुषांनीच बायका केल्या, तिकडं बालगंधर्वांचं लुगडं बघून बाया तसं नेसायला शिकल्या, तेव्हा कुणी हसलं का? ती कलाच होती. तुमच्या आबांना माझा नमस्कार सांगा.

जालन्याचा पाहुणा:
राजा हरिश्चंद्रच्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलंय, नेटवर मिळतं. सुरुवातीलाच राजा पोराला धनुष्य शिकवतोय आणि बाजूला तारामती उभी आहे, तिथं नुसतं साळुंक्यांकडं बघा. काही करायचं नाही त्यांना, नुसतं उभं राहायचं, पण नजर पोरावरून हलत नाही. मी चार वेळा बघितलं. आवाज नाही, जवळून घेतलेला चेहरा नाही, सगळं अंगातून दाखवायचं. आणि रीळवेडा भाऊ, एक राहिलं तुमचं, साळुंके पुढं फाळक्यांकडंच कॅमेऱ्यामागंबी गेले. ह्याचं जास्त कौतुक व्हायला पाहिजे, हॉटेलातली पळी सोडून आलेला माणूस कॅमेऱ्याचा हँडल फिरवायला लागला, आणि लोक अजून "तो आचारी" म्हणूनच लिहितात.

रीळवेडा (छ. संभाजीनगर):
हो राव, ते लिहायचं राहिलं, बरं झालं आठवण केली. आणि बाई, तुमचंबी बरोबर, दोन्ही वेगळं सांगायला पाहिजे. माझ्या लिहिण्यात ते आलंच नव्हतं.

गंगाखेडकर:
सगळ्यांचे लई आभार. काल संध्याकाळी आबांना क्लिप लावून दिली, चष्मा पुसून घेतला, मोबाईल डोळ्याजवळ धरला आणि तीनदा बघितली. मिशीचं सांगितलं तर गपच बसले, मग म्हणले, "म्हणजे तिकडं मुंबईलाबी तसंच होतं म्हणायचं." पणजीचा विषय एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून काढला. ती नवव्या दिवशी बोलली होती म्हणे, कशी, तर गवळण बघायला देवळापुढं सगळ्यांच्या मागं येऊन उभी राहिली आणि घरी आल्यावर म्हणली, लुगडं फार वर नेसलास, घोट्याखाली घेत जा.

लेकीनं भाषण पुन्हा लिहून काढलं, कमलाबाईबी घेतल्या, कॅमेराबी घेतला. आता ती पडवीत उभी राहून पाठ करायली आणि आबा खाटेवरून उठून तिला दाखवायलेत की तारामतीसारखं उभं राहायचं तर पदर असा दोन बोटांत धरायचा, अंगठा दिसू द्यायचा नाही.