टीटी टेबलावरचा शनिवारवाडा

जोगळेकर ए-३०२: समस्त सभासदांस सविनय. क्लबहाऊसमधील टीटी टेबल नवरात्रापासून खेळण्यासाठी उपलब्ध नाही. त्यावर प्लास्टिकचे ठोकळे मांडलेले आहेत. आज सकाळी मी व पाटील सर बॅट घेऊन गेलो आणि तसेच परत आलो. टेबल कधी मोकळे होणार, त्याची तारीख कमिटीने कळवावी.

शिंदे सी-४०१: ठोकळे काय म्हणता काका, शनिवारवाडा आहे तो 😄

जोगळेकर ए-३०२: शनिवारवाडा आहे तिथे ठीक आहे. टेबल खेळासाठी घेतलेले आहे.

तुषार सी-२०४: काका, हाही खेळच की.

जोगळेकर ए-३०२: ठरावात "टेबल टेनिस" असे लिहिले आहे. मिनिट्स काढून पाहाव्यात.

लिमये बी-५०१: सुप्रभात. जोगळेकर साहेब, तुमची अडचण समजते. नऊपैकी आठ बुरूज झालेत, दिल्ली दरवाजा अर्ध्यावर आहे. आत्ता हलवला तर सगळंच कोसळेल. थोडं सबुरीनं घ्या.

कर्वे आजी ए-००२: 🌹 शुभ सकाळ 🌹 हसत राहा 🌹

जोगळेकर ए-३०२: सबुरी गणपतीतही घेतली होती. तेव्हा टेबलावर मोदकांच्या परातींचा मुक्काम होता.

सचिव देशपांडे: दोन मिनिटं. आज टँकर उशिरा येणार आहे, सी विंगवाल्यांनी पाणी जपून वापरावं. टेबलाचं संध्याकाळी बघू.

मेघना बी-३०२: संध्याकाळी बघणारच आहात तर माझंही बघा. काल अद्वैत आणि सोसायटीतली पोरं क्लबहाऊसमध्ये गेली. "लांबून बघा, हात लावू नका" म्हणून त्यांना बाहेर काढलं. साठीच्या पुढचे चार जण ठोकळे खेळतायत आणि तिसरीतली मुलं दारात उभी. आणि ती मोठी निळी बादली आमच्या अद्वैतची आहे, हे कोणाला आठवतंय का?

शिंदे सी-४०१: 😂😂 आठवतंय वहिनी

लिमये बी-५०१: मेघना, बाहेर काढलं नाही गं. जरा बाजूला व्हा म्हटलं. त्यातल्या एकाचं कोपर ईशान्येच्या बुरुजाला लागत होतं.

तुषार सी-२०४: एक गोष्ट सांगतो, मोठ्यांनी खेळण्यात काहीच विचित्र नाही. लेगोवाले २०२० पासून मोठ्यांच्या सेटवर चक्क १८+ लिहितात. काळे खोके, आत फुलांचे गुच्छ, टायटॅनिक, असलं सगळं. २००८ ला त्यांनी ताजमहाल काढला होता, ५,९२२ तुकड्यांचा. तो काही पहिलीच्या पोरांसाठी नव्हता. दिवसभर हिंजवडीत स्क्रीनकडे बघून आल्यावर हाताला काहीतरी खरं लागावंसं वाटतं, बाकी काही नाही.

मेघना बी-३०२: मग १८ च्या आतल्यांनी काय करायचं? स्कॉलरशिपचा अभ्यास?

साठे बाई ए-१०१: मी परवा पाहून आले. कौतुक आहे. पण दोन चुका सांगते, राग नसावा. एक, दरवाजे पाच आहेत. दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि नारायण. तुम्ही चारच केलेत. दोन, दिल्ली दरवाजा उत्तरेला आहे. तुमचा बाथरूमकडे तोंड करून उभा आहे.

लिमये बी-५०१: बाई, टेबल तसंच आहे, काय करणार. आणि नारायण दरवाजापर्यंत येईतो ठोकळे संपले.

साठे बाई ए-१०१: ठोकळे संपले म्हणून इतिहास संपवायचा? नारायणराव काय म्हणतील!

शिंदे सी-४०१: काका मला वाचवा

साठे बाई ए-१०१: शिंदे, प्रत्येक गोष्टीत विनोद आणू नये.

जोगळेकर ए-३०२: टेबल कधी मोकळे होणार, त्याची तारीख कमिटीने कळवावी.

साठे बाई ए-१०१: आणखी एक. शनिवारवाड्याचा कोट खाली दगडी आणि वर विटांचा आहे. दगडी कोट बांधायचा हक्क छत्रपतींचा, अशी तक्रार शाहू महाराजांकडे गेली आणि म्हणून वरचं काम विटांत झालं, असं सांगतात. तेव्हा खाली करडे ठोकळे आणि वर तांबडे हवेत. तुमच्याकडे खाली पिवळे आहेत आणि मागच्या बाजूला हिरवे.

तुषार सी-२०४: म्हणजे पेशव्यांच्या काळीही बांधकामाची तक्रार वर गेलीच होती तर.

शिंदे सी-४०१: तेव्हाचे जोगळेकर कोण होते बाई?

हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

जोगळेकर ए-३०२: शिंदे, डिलीट करण्यापूर्वी मी वाचलेला आहे. क्लबहाऊसच्या दारात तुमची बाईक आडवी लावलेली असते, तो विषयही घ्यावा.

शिंदे सी-४०१: बाईकचा काय संबंध? माझ्या जागेत गेली दोन वर्षं तुमच्या पाहुण्यांची गाडी असते, ते बोलू का?

सचिव देशपांडे: पार्किंग वेगळ्या ग्रुपवर. कृपया 🙏

चेअरमन मोरे: 🙏

जोगळेकर ए-३०२: विषय पैशांचाही आहे. रात्री साडेअकरापर्यंत क्लबहाऊसच्या चारही ट्यूब चालू असतात. कॉमन लाइट बिल सर्वांचे आहे. आणि हे ठोकळे कोणाच्या खर्चाने आले?

तुषार सी-२०४: सोसायटीचा एक रुपया नाही काका. अर्धे आमच्या घरचे जुने, एक बादली मेघनाकडची, राहिलेले रविवार पेठेतून किलोवर आणले. लेगोचा नवीन डॅनिश डबा घ्यायचा म्हटलं तर खिसा फाटतो. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० ला २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ ला ७०.

लिमये बी-५०१: आणि ते किलोवाले खरं तर लागतच नाहीत. काही ढिले बसतात, काही इतके घट्ट की पक्कड लागते. माझं आयुष्य भोसरीत टूलरूममध्ये, साचे करण्यात गेलं म्हणून सांगतो, हे खेळणं दिसतं तेवढं सोपं नाही. ठोकळ्यावरच्या एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६. चपट्या पट्टीची ३.२, म्हणजे तीन पट्ट्या बरोबर एक ठोकळा. आधीचे ठोकळे खालून नुसते पोकळ होते, मनोरा केला की सुटायचे. १९५८ च्या जानेवारीत लेगोवाल्यांनी पोटात नळ्या घातल्या आणि पेटंटसाठी अर्ज केला. वरचं बटण नळी आणि भिंत यांच्यामध्ये धरलं जातं. १९६३ पासून एबीएस प्लास्टिक, ते आकार सोडत नाही. त्यामुळे १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. असा साचा वर्षानुवर्षं सांभाळणं काय असतं, ते साचा केलेल्यालाच ठाऊक.

पाटील सर ए-३०४: लिमये, ही माहिती आवडली. सुरुवात कोणी केली?

लिमये बी-५०१: डेन्मार्कमध्ये बिलुंड म्हणून गाव आहे. तिथला एक सुतार, ओले कर्क ख्रिश्चनसेन. १९३२ ला मंदीत घरबांधणीची कामं मिळेनात म्हणून लाकडी खेळणी करायला लागला. प्लास्टिक पुढे आलं. आणि कल्पना मुळात तिथली नव्हे, इंग्लंडमध्ये किडिक्राफ्टवाले आधीच तसले ठोकळे करत होते.

जोगळेकर ए-३०२: पाटील सर, आपण सकाळी माझ्याबरोबर होतात.

पाटील सर ए-३०४: आहेच हो. नुसतं विचारलं.

तुषार सी-२०४: आठ बटणांचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ते ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. गणितज्ञांनी कॉम्प्युटरवर मोजलंय.

शिंदे सी-४०१: आणि आपली सहा जणांची कमिटी एकाही प्रकारे जुळत नाही.

सचिव देशपांडे: शिंदे, कमिटीत या मग. दर वर्षी हात जोडून विचारतो.

शिंदे सी-४०१: येताना कोथिंबीर आणि अर्धा किलो पेरू

शिंदे सी-४०१: सॉरी, चुकीच्या ग्रुपवर

लिमये काकू बी-५०१: मी सहसा लिहीत नाही. पण हे रात्री जेवून खाली जातात तेव्हापासून आमच्याकडे बातम्यांवरची आरडाओरड बंद आहे. टेबल काढायची एवढी घाई करू नका 🙏

जोगळेकर ए-३०२: वहिनी, आपल्याविषयी पूर्ण आदर आहे. परंतु टेबल कधी मोकळे होणार, त्याची तारीख कमिटीने कळवावी.

मेघना बी-३०२: माझा प्रश्न तसाच राहिला. दिवाळीच्या किल्ल्याचं काय? दर वर्षी मुलं बी विंगच्या मागे किल्ला करतात. आज वॉचमन म्हणाला यंदा माती टाकायची नाही, क्लबहाऊसमध्ये मोठा किल्ला झालाय, तोच दिवाळीत ठेवणार. हे कोणी ठरवलं?

सचिव देशपांडे: ठरवलं असं नाही. चर्चा झाली. मागच्या वर्षी चिखल लिफ्टपर्यंत आला होता.

जोगळेकर ए-३०२: आणि माझ्या मोगऱ्याच्या वाफ्यातील माती कोणी नेली, ते अजून समजलेले नाही.

साठे बाई ए-१०१: देशपांडे, हे मात्र चालणार नाही. आणि शनिवारवाडा हा किल्ला नव्हे, वाडा आहे. दिवाळीत किल्लाच हवा आणि तो मातीचाच. हळीव काय ठोकळ्यांवर उगवणार आहे? मावळे कुंभारवाड्यातून आणायचे आणि प्लास्टिकवर ठेवायचे?

तुषार सी-२०४: मावळे प्रमाणात बसणारही नाहीत. दरवाजापेक्षा उंच होतील.

मेघना बी-३०२: तुषार, मुद्दा प्रमाणाचा नाही रे!

लिमये बी-५०१: मेघना, मातीचा किल्ला बंद करा असं मी म्हणालेलो नाही. त्या चर्चेला मी नव्हतो. माझं एवढंच ऐक. आमच्या लहानपणी नारायण पेठेत काड्यापेट्यांची आगगाडी आणि विटकरीचे तुकडे, एवढीच खेळणी. वाड्यात वकिलांच्या मुलाकडे एकट्याकडे मेकॅनो होतं, नट-स्क्रूने पट्ट्या जोडायचं खेळणं. आम्ही सगळे भोवती बसायचो. स्क्रू ड्रायव्हर तो स्वतः धरायचा, आम्ही नट गोळा करून द्यायचे. मग नोकरीत जन्मभर साचे केले. डबे, बादल्या, स्विच. माप चुकलं की माल रिजेक्ट आणि वर मेमो. इथे चुकलं की उपटायचं आणि परत लावायचं, कोणी विचारत नाही. दिल्ली दरवाजाची कमान तीन वेळा उतरवली. कमानीचा ठोकळा आमच्याकडे नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक पट्टी एका बटणाने पुढे सरकवत मध्ये आणतोय. बसताना टक् असा आवाज येतो ना, रात्री झोपतानाही तोच कानात असतो.

पाटील सर ए-३०४: 👌

कर्वे आजी ए-००२: छान लिहिलंत लिमये 🌹

मेघना बी-३०२: काका, मनापासून आवडलं. पण मग आता स्क्रू ड्रायव्हर तुम्ही धरलाय आणि वाड्यातली पोरं भोवती बसलीत, असंच ना?

शिंदे सी-४०१: ...

तुषार सी-२०४: ओ हो

लिमये बी-५०१: हं.

जोगळेकर ए-३०२: टेबल कधी मोकळे होणार, त्याची

जोगळेकर ए-३०२: तारीख कमिटीने कळवावी. (आधीचा मेसेज अर्धा गेला.)

सचिव देशपांडे: टँकर आला आहे. गेटसमोरच्या गाड्या काढा. एमएच १२ पांढरी स्विफ्ट कोणाची?

शिंदे सी-४०१: जोगळेकर काकांचे पाहुणे 🙂

लिमये बी-५०१: मेघना, मुलांना उद्या सहा वाजता पाठव. नारायण दरवाजा आणि नववा बुरूज त्यांचा. मी खुर्चीत बसेन, विचारलं तरच बोलेन.

लिमये काकू बी-५०१: हे होणे नाही.

मेघना बी-३०२: 😂 काकू! पाठवते. आणि मातीचा किल्ला बी विंगच्या मागे होणारच, देशपांडे काका?

सचिव देशपांडे: होऊ दे. माती बाहेरून आणायची आणि लिफ्टमध्ये चपला हातात घेऊन जायचं. कोणाच्या वाफ्याला हात लागला तर मुलांच्या पालकांकडून भरपाई. आणि टेबल या रविवारी संध्याकाळी पाचला मोकळं करायचं. जोगळेकर साहेब, ही तारीख.

जोगळेकर ए-३०२: नोंद घेतली. लेटरहेडवर दिल्यास बरे होईल.

साठे बाई ए-१०१: रविवारपर्यंत पूर्ण होईल? खुद्द पेशव्यांना दोन वर्षं लागली होती. १७३० ला पाया, १७३२ ला वास्तुशांत.

तुषार सी-२०४: झाला नाही तरी फोटो काढून उतरवू. अख्खा उचलून ऑफिसमध्ये न्यावा तर दारातून जात नाही, मोजून पाहिलंय.

पाटील सर ए-३०४: उतरवायला मी येतो. ठोकळे रंगाप्रमाणे वेगळे करून ठेवू, पुढच्या वेळी सोपं जाईल.

तुषार सी-२०४: सर, रंगाने नको, आकाराने लावू. लाल ढिगात एक बटणाचा लाल तुकडा शोधायला बसलात तर रात्र जाते. आकाराने लावले की त्यातला लाल डोळ्याला आपोआप दिसतो.

पाटील सर ए-३०४: पण रंगाने लावलेले बघायला छान दिसतात.

तुषार सी-२०४: बघायला, हो.

लिमये बी-५०१: तुषारचं बरोबर आहे. टूलरूममध्ये ड्रिल मापाने ठेवतात. आणि रविवार पेठेतले वेगळे काढा, पुन्हा त्यात मिसळू देऊ नका.

साठे बाई ए-१०१: करडे आणि तांबडे तरी बाजूला ठेवा. पुढच्या वेळी कोट मी सांगेन तसा होईल.

जोगळेकर ए-३०२: पुढच्या वेळी म्हणजे काय?

सचिव देशपांडे: ठोकळे भरायला डबे ज्याने त्याने घरून आणावेत, श्रीखंडाचे चालतील, झाकणासकट. सोसायटीची भांडी मिळणार नाहीत. कोजागिरीला मसाला दुधासाठी नेलेली दोन मोठी पातेली अजून परत आलेली नाहीत.

शिंदे सी-४०१: एक सी विंगच्या गच्चीत आहे. दुसऱ्याचं मला माहीत नाही.

मेघना बी-३०२: दुसऱ्यात निळ्या बादलीतले ठोकळे आहेत. बादली लिमये काकांनी पाण्यासाठी वर नेली.