सोसायटीसाठी वायुगळती, किरणोत्सर्ग आणि संसर्ग यांपासून संरक्षणाची साधने: नेमके काय घ्यावे? (बडोदा)

विश्वामित्रीकाठ:

सर्वांस नमस्कार. आमची सोसायटी बडोद्यात छाणी जकातनाक्याच्या पुढे आहे. बाजवा, रणोली आणि नंदेसरीचा कारखान्यांचा पट्टा आमच्यापासून फार दूर नाही आणि वारा त्या बाजूचा असला की काही रात्री डोळे चुरचुरण्याइतका उग्र वास येतो. तळमजल्यावर वयस्कर मंडळी बरीच आहेत, त्यांपैकी काहींना दमा आहे.

अलीकडे एका विक्रेत्याने आमच्या कमिटीपुढे ‘कुटुंब सुरक्षा संच’ नावाची एक पेटी मांडली. तीत धुऊन पुन्हा वापरता येणारा मास्क आहे, जो धूळ, वायू आणि विषाणू हे तिन्ही अडवतो असे त्याचे म्हणणे आहे. शिवाय मोबाइलच्या व अणुकेंद्राच्या किरणांपासून वाचवणारे गळ्यातले लॉकेट आणि हातात धरून फिरवायचा अतिनील दिवा आहे. बोलताना त्याने काक्रापारच्या अणुवीज केंद्राचा आणि भोपाळचा उल्लेख वारंवार केला, त्यामुळे काही सभासद घाबरून गेले असून येत्या सभेत घरटी वर्गणी काढून हे संच घ्यावेत असा ठराव येणार आहे.

सचिव या नात्याने मला त्या सभेत उत्तर द्यावे लागेल. एकच साधन या तिन्ही धोक्यांवर चालू शकते का, आणि चालत नसेल तर आमच्यासारख्या वस्तीने पैसा व श्रम कशावर खर्च करावेत, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे.

रणोलीचा जुना माणूस:

नमस्कार सचिवसाहेब. माझी सारी नोकरी याच पट्ट्यातील कारखान्यांच्या सुरक्षा विभागांत झाली, म्हणून वायूंबद्दल लिहितो. किरणोत्सर्गाचे त्या विषयातील माणसाने सांगावे.

धूळ अडवणे आणि वायू अडवणे ही दोन पूर्णपणे वेगळी कामे आहेत, हे सभेत सर्वांत आधी सांगा. एन-९५ मास्कमध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंचा थर असतो आणि त्या तंतूंवर कायमचा विद्युतभार दिलेला असतो. मोठे कण वाऱ्याबरोबर वळू न शकल्यामुळे तंतूंवर आदळतात, फार छोटे कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि कुठल्या तरी तंतूला चिकटतात. अडवायला सर्वांत अवघड असतात ते मधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, आणि म्हणूनच गाळणीची परीक्षा याच आकारावर घेतात. तिथे ९५ टक्के कण अडले की ती गाळणी एन-९५. हा विद्युतभार साबणाच्या पाण्याने किंवा अल्कोहोलने उतरतो, म्हणून ‘धुवा आणि पुन्हा वापरा’ असे सांगून जो एन-९५ विकला जातो त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आपल्याकडे या मास्कांसाठी आयएस ९४७३ हे मानक आहे. त्यातील एफएफपी-२ हा वर्ग साधारण एन-९५ च्या तोडीचा. मास्कवर आयएसआयची खूण आणि हा क्रमांक छापलेला नसेल तर विक्रेत्याचे पुढचे बोलणे ऐकण्याची गरज नाही.

परंतु अमोनिया किंवा क्लोरीन हे कण नाहीत, सुटे रेणू आहेत, आणि ते या तंतूंमधून सहज निघून जातात. त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा लागतो, ज्याच्या एका ग्रॅममधील छिद्रांचे अंतर्गत क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने नळकांड्यांतून क्लोरीन सोडला, तेव्हा समोरच्या सैनिकांपाशी कोणतेच साधन नव्हते; पुढच्या काही आठवड्यांत रसायनात भिजवलेले कापसाचे पॅड आले आणि त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी कोळशाचा मुखवटा तयार केला. आजच्या कॅनिस्टरचा, म्हणजे मुखवट्याला लावायच्या गाळणीच्या डबीचा, वंश तिथूनच चालत आला आहे. मात्र नुसता कोळसाही सर्व वायूंना पुरत नाही. अमोनिया तो फारसा धरत नाही, म्हणून त्याच्यावर आणखी रसायनांचा लेप द्यावा लागतो. कार्बन मोनॉक्साइड तर कोळशातून थेट पार होतो. त्याच्यासाठी मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांचे मिश्रण वापरतात, जे त्याचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करते. आपल्याकडच्या कारखान्यांत कॅनिस्टरवर रंगाच्या पट्ट्या दिसतात त्या याच कारणाने: तपकिरी म्हणजे सेंद्रिय बाष्प, करडी म्हणजे क्लोरीनसारखे वायू, पिवळी म्हणजे सल्फर डायऑक्साइड, हिरवी म्हणजे अमोनिया आणि पांढरी म्हणजे कण. ज्या मास्कवर अशी कोणतीच खूण नाही तो ‘सर्व वायू’ अडवतो, हे म्हणणे खोटे आहे.

कॅनिस्टर हवा फक्त गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण गटारीच्या मॅनहोलमध्ये आणि सेप्टिक टँकमध्ये आजही माणसे मरतात आणि त्यांना वाचवायला उतरलेलीही मरतात. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, परंतु प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते आणि माणसाला वाटते की वायू गेला. अशा जागी पाठीवर हवेची टाकी असलेला बीए सेटच लागतो. तुमच्या सोसायटीत टाकी साफ करायला माणूस उतरवत असतील तर ते आजच थांबवा, यंत्राची गाडी बोलवा. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाला असे उतरवणे गुन्हा आहे.

आता वस्तीने काय करायचे ते. मोठी गळती झाली तर सामान्य नागरिकाचा पहिला आसरा म्हणजे त्याचे बंद घर. खिडक्या लावाव्यात, एसी आणि एक्झॉस्ट पंखे बंद करावेत, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल घालावा. अमोनिया पाण्यात फार विरघळतो, त्यामुळे नाकातोंडावर ओले फडके धरल्याने थोडा वेळ तरी उपयोग होतो. क्लोरीनच्या बाबतीत हा उपयोग बराच कमी. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरतो आणि खोलगट भागात साचतो, म्हणून तळमजल्यावरच्या वयस्करांना वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे न्यावे आणि कोणाला कोणाकडे न्यायचे हे आधीच ठरवून ठेवावे. बाहेर अडकलेल्याने वाऱ्याला आडवे, म्हणजे काटकोनात, चालत ढगाच्या बाहेर पडावे; वाऱ्याच्या दिशेने पळणारा वायूबरोबरच पळत राहतो.

यात एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. बंद घरातही वायू हळूहळू शिरतच असतो. बाहेरचा ढग निघून गेला की बाहेरची हवा लगेच स्वच्छ होते, पण आत शिरलेला वायू आतच राहतो, आणि मग घरातली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट ठरते. म्हणून धोका टळल्याची अधिकृत सूचना मिळताच सर्व दारे-खिडक्या सताड उघडून बाहेर यायचे असते. घाबरून दिवसभर दारे बंद ठेवणाऱ्याला त्या बंद दारांचाच त्रास होतो.

क्षकिरण:

मी क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ आहे आणि किरणोत्सर्गाच्या वातावरणात रोज काम करते, म्हणून तेवढ्या भागाचे उत्तर देते.

ते लॉकेट कृपया कोणीही घेऊ नये. मोबाइलच्या लहरी आयनकारी नसतात, म्हणजे अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते, त्यामुळे क्ष-किरण किंवा गॅमा किरण पेशींना ज्या रीतीने इजा करतात तशी इजा त्या करत नाहीत, आणि गळ्यातल्या चकतीने त्या अडतही नाहीत. याहून गंभीर गोष्ट अशी की, डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा संस्थेने फाइव्ह-जीपासून संरक्षण देण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या दहा वस्तू तपासल्या, तेव्हा त्या स्वतःच आयनकारी किरण सोडत असल्याचे आढळले आणि त्या वापरू नका असा इशारा द्यावा लागला. संरक्षण म्हणून लहान मुलाच्या गळ्यात दिवसरात्र घातलेली वस्तूच किरणांचा उगम ठरावी, हे विक्रेत्याला सभेत सर्वांसमोर विचारले पाहिजे.

आम्ही विभागात शिशाचा ॲप्रन घालतो, त्याची जाडी साधारणपणे अर्ध्या मिलिमीटर शिशाएवढी असते. निदानाच्या क्ष-किरणांपैकी बहुतांश तो अडवतो. परंतु कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरण निम्मे करायलाच सव्वा सेंटिमीटरच्या आसपास शिसे लागते, म्हणजे तिथे हाच ॲप्रन जवळजवळ निरुपयोगी आहे. छातीवरचा टीएलडी बॅज तर काहीच अडवत नाही, किती किरण लागले ते फक्त मोजतो. खरे संरक्षण तीन गोष्टींत आहे: उगमाजवळ कमी वेळ थांबणे, त्यापासून दूर जाणे आणि मध्ये योग्य जाडीचा अडथळा असणे. लहान उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की किरणांची मात्रा चौथ्या हिश्श्यावर येते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

काक्रापार बडोद्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. अणुअपघातात पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या देतात, हे खरे आहे. १९८६ साली चेर्नोबिलनंतर पोलंडमध्ये लक्षावधी मुलांना आयोडीन पाजले गेले. ते कंठग्रंथी (थायरॉइड) आधीच भरून टाकते आणि मग किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा मिळत नाही, पण इतर कोणत्याही किरणोत्सारी द्रव्यापासून ते वाचवत नाही. म्हणून प्रशासन सांगेल तेव्हाच घ्यायचे ते औषध आहे, घरोघरी साठवून आपल्या मनाने घ्यायचे नाही.

सामान्य वस्तीला किरणोत्सर्गाचा धोका झालाच तर तो भंगारातून होण्याचा संभव मला जास्त वाटतो. दिल्लीच्या मायापुरी बाजारात २०१० साली एका विद्यापीठातून विकलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० भंगारात उघडा पडला आणि एका माणसाचा जीव गेला. पिवळ्या पार्श्वभूमीवरची तीन पाकळ्यांची खूण भंगारवाल्यांना आणि मुलांना ओळखता येणे, हे त्या लॉकेटपेक्षा शंभरपट मोलाचे आहे. अशी वस्तू दिसली तर हात लावू नये, लोकांना दूर करून पोलिसांना कळवावे.

सूक्ष्मदर्शी:

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. संसर्गाविषयी माझी भर, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो.

१९१०-११ मध्ये ईशान्य चीनमधील मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा डॉ. वू लिएन-ते यांनी तो आजार हवेतून पसरतो असे सांगून कापूस व मलमलीचे थर असलेला मुखवटा वापरायला लावला. मेस्नी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे मानले नाही, मुखवट्याशिवाय रुग्ण तपासले आणि काही दिवसांत त्यांचाच मृत्यू झाला. मुखवटा हे साधे साधन आहे, पण चेहऱ्याला कडेने घट्ट बसला तरच. दाढी असेल किंवा नाकाजवळ फट राहिली तर हवा त्या फटीतूनच आत येते आणि गाळणी कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग राहत नाही.

अतिनील दिव्याचे तत्त्व खरे आहे. बाल्टिमोर येथे रॉबर्ट रायली यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्षयरोग्यांच्या वॉर्डातील हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे वळवली. साध्या हवेतील प्राण्यांना क्षय झाला, अतिनील प्रकाशातून गेलेल्या हवेतील प्राण्यांना झाला नाही. मात्र रुग्णालयात हे दिवे छताजवळ, माणसांच्या डोळ्यांवर प्रकाश पडणार नाही अशा रीतीने बसवतात. हातात धरून फिरवायचा दिवा वस्तूवरून क्षणभर सरकवल्याने जंतू मरतील याची खात्री नसते, आणि डोळ्यांना व त्वचेला इजा होण्याची भीती मात्र खरी असते.

तुमच्या सोसायटीत सभागृह असेल, तिथे नवरात्रापूर्वी गरब्याची तालीम होत असेल, तर पैसा तिथल्या हवेवर खर्च करा. समोरासमोरच्या खिडक्या उघडता येतील अशा करा, एक चांगला एक्झॉस्ट पंखा बसवा. खिडक्या उघडणे शक्य नसेल तर अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळणीचा प्युरिफायर घ्यावा, परंतु तो तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करतो हे पाहून. दालनाचे घनफळ काढून त्याच्या निदान पाचपट हवा तासाभरात गाळली गेली पाहिजे. ओझोन सोडणारी यंत्रे घेऊ नका, तो वायू फुप्फुसाला अपायकारक आहे आणि दम्याच्या रुग्णांना विशेष त्रास देतो.

विश्वामित्रीकाठ:

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. ठराव मागे घेण्यास कमिटी तयार झाली आहे. रणोलीच्या काकांना एकच विचारायचे आहे: रात्री फाटकावर एकटा असणाऱ्या वॉचमनसाठी आणि दम्याच्या रुग्णांसाठी तरी काही मुखवटे घेऊन ठेवावेत का?

रणोलीचा जुना माणूस:

वॉचमनसाठी घ्यावा. त्याला सर्वांना उठवायचे असते, म्हणजे तो सर्वांत शेवटी आत जाणार. त्याच्यासाठी ‘एस्केप हूड’ मिळतो, जो डोक्यावरून ओढून घालायचा असतो, दाढी असली तरी मानेपाशी बंद होतो आणि त्याच्या गाळणीवर तपकिरी, करडी, पिवळी व हिरवी अशा चारही पट्ट्या असतात. तो काही मिनिटांत सुरक्षित जागी पोहोचण्यापुरता आहे. तो घालून गळतीकडे जायचे नाही, कोणाला वाचवायला गटारीत उतरायचे नाही. वेष्टनाचे सील फुटले की कोळसा हवेतला ओलावा आणि बाष्प ओढू लागतो, म्हणून सराव वेगळ्या जुन्या हूडवर करून घ्या आणि वेष्टनावरची मुदत कमिटीच्या वहीत लिहून ठेवा. दम्याच्या रुग्णांना गाळणीतून श्वास ओढणे जड जाते. त्यांच्यासाठी मुखवट्यापेक्षा वरच्या मजल्यावरची कमीत कमी खिडक्यांची खोली आणि हाताशी असलेला त्यांचा पंप महत्त्वाचा. त्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

गच्चीवरच्या काठीला सैल कापडाची लांब पट्टी बांधा आणि रात्री ती दिसेल असा दिवा लावा, म्हणजे वारा कुठून कुठे वाहतो हे वॉचमनला फाटकावरून कळेल.

आणि जे काम फुकट आहे ते मात्र टाळू नका. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली, तिच्यानुसार धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याने आसपासच्या वस्तीलाही धोक्यांची आणि उपायांची माहिती देणे बंधनकारक झाले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांतही तशीच तरतूद आहे, आणि जिल्ह्याचा आपत्कालीन आराखडा कलेक्टर कचेरीत असतो. सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र लिहा. आमच्या वस्तीपर्यंत पोहोचू शकतील असे कोणते वायू साठवले जातात, गळतीचा भोंगा कसा वाजतो आणि धोका टळल्याचा कसा, आम्ही घरात थांबायचे की बाहेर पडायचे हे कोण सांगणार, आणि पुढचा मॉक ड्रिल केव्हा आहे, एवढे चार प्रश्न त्यात असू द्या. पत्राची पोच घ्या आणि मिळालेले उत्तर गुजराती व मराठी दोन्हींत फाटकाजवळच्या फलकावर लावा.